जुन्या ट्रकचे इंजिन मिस होते तेव्हा: हेड उघडण्याआधी करायची तपासणी

धुळ्याजवळ आग्रा रोडला लागून असलेल्या किंवा जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये पंधरा-वीस वर्षे जुना ट्रक ‘मिस होतो, ओढत नाही’ (म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि ताकद कमी पडते) अशा तक्रारीने आला, की मालकाला पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो तो इंजिन बांधून घेण्याचा. कधी कधी तो सल्ला बरोबरही ठरतो. पण तपासणीशिवाय दिलेला सल्ला हा अंदाजच असतो, आणि अंदाज चुकला तर भुर्दंड बसतो तो गाडीचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलखालच्या एका कॉपर वॉशरमुळे येणारे मिसिंग नवे रिंग-पिस्टन टाकून जात नाही, आणि केळीच्या हंगामात ट्रक आठ-दहा दिवस उभा राहिला तर त्या महिन्याचे गणित पार कोलमडते. म्हणून या कामात नव्याने उतरणाऱ्या फिटरने आणि स्वतःच्या गाडीकडे लक्ष ठेवणाऱ्या मालकाने एक क्रम मनाशी पक्का करावा: आधी कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधायचे, मग तो का काम करत नाही ते शोधायचे, आणि या दोन्हींची उत्तरे मिळाल्यावरच हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, बोल्टला पाना लावायचा.

हा लेख यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांविषयी आहे. टाटाचे ६९७, कमिन्सचे ६बीटी, अशोक लेलँडची हिनो मालिका ही आपल्याकडे नेहमी दिसणारी उदाहरणे. कॉमन रेल (सर्व नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनांना पुढच्या सगळ्या कृती लागू पडत नाहीत. विशेषतः चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करण्याची कृती कॉमन रेलवर कधीही करू नये, कारण तेथील दाब हजार बारच्या वर जातो आणि तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

कॉम्प्रेशन कमी झाले की काय होते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने हवा दाबणे म्हणजेच कॉम्प्रेशन, आणि ही दाबलेली हवा इतकी तापते, की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सतरास एक या प्रमाणात हवा दाबली गेली, की तिचे तापमान पाचशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. रिंगमधून, व्हॉल्व्हमधून किंवा हेड पॅकिंगमधून हवा निसटली, तर दाब कमी पडतो, दाब कमी म्हणून उष्णता कमी पडते, आणि डिझेल उशिरा पेटते किंवा पेटतच नाही. न पेटलेले डिझेल सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

खानदेशातल्या हवामानामुळे येथे एक फसगत हमखास होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा थकलेले इंजिनही अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते आणि मालक निर्धास्त राहतो. तेच इंजिन डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर उतरला, की सुरू व्हायला तयार नसते. आत येणाऱ्या हवेतला हा सदतीस अंशांचा फरक दाबाच्या शेवटी साधारण नव्वद अंशांचा होतो, आणि कमकुवत सिलिंडर नेमका तेवढ्यासाठीच कमी पडतो. तेव्हा उन्हाळ्यात गाडी लगेच सुरू होते यावरून कॉम्प्रेशन चांगले असल्याचा निष्कर्ष काढू नये. थंडीत सकाळी पहिल्यांदा सुरू होताना इंजिन किती वेळ घेते, पांढरा धूर किती मिनिटे टिकतो आणि मिसिंग किती वेळाने जाते, हे ड्रायव्हरला अगत्याने विचारावे.

प्रथम विचारावे, ऐकावे, पाहावे

‘चढावर गाडी दम सोडस’ असे ड्रायव्हर म्हणतो, तेव्हा त्यातून अजून काही स्पष्ट होत नाही. मिसिंग थंड इंजिनात होते की गरम झाल्यावर, आयडलवर होते की लोडवर, एकाएकी सुरू झाले की महिनोन्‌महिने वाढत गेले, त्याआधी इंजिन तापले होते का, पाण्यातून गाडी काढली होती का, टाकीत नेहमीच्या पंपाऐवजी दुसरीकडचे डिझेल भरले होते का, हे एकेक करून विचारावे आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. एकाएकी सुरू झालेले मिसिंग बहुतेक वेळा नोझल, डिझेल, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगचे असते. हळूहळू वाढत गेलेली कमजोरी रिंग आणि लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) झिजेकडे बोट दाखवते.

त्यानंतर सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून आवाज ऐकावा. मिसिंग ठरावीक ठेक्यात आहे की कसेही, हा या तपासणीतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे असे माझे मत आहे. आयडलवर इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. एकच सिलिंडर पडलेला असेल, तर हा तुटक ठोका अगदी नियमित येतो आणि इंजिनही त्याच लयीत हलते. ठोक्याला नियम नसेल, मध्येच इंजिन साफ चालत असेल आणि मध्येच दोन-तीन ठोके गाळत असेल, तर दोष एका सिलिंडरचा नसून डिझेलच्या पुरवठ्याचा, म्हणजे हवा, पाणी किंवा तुंबलेल्या फिल्टरचा असण्याची शक्यता जास्त.

धुराचा रंगही पाहावा. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न पेटलेले डिझेल. त्यामागे कमी कॉम्प्रेशन, खराब नोझल किंवा उशिरावर बसलेले पंपाचे टायमिंग, यांपैकी काहीही असू शकते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही टिकणारी आणि हवेत लवकर विरणारी पांढरी वाफ असेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडत आहे, आणि त्यासाठी इंजिनाला दोष देण्याआधी एअर फिल्टर काढून पाहावा.

डिझेल, हवा आणि बॅटरी

या तीन गोष्टी साध्या वाटतात म्हणून टाळल्या जातात, आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू उघडून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत एअर काढावी. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपला बारीक चीर असेल, तर तेथून डिझेल ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे जमीन कोरडी दिसते आणि दोष लपून राहतो. संशय असल्यास त्या भागात तात्पुरता पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे वाहताना डोळ्यांना दिसतात, मग वाद उरत नाही.

बॅटरीचा कॉम्प्रेशनशी थेट संबंध आहे. इंजिन हळू फिरले तर रिंगमधून हवा निसटायला जास्त वेळ मिळतो, आणि धडधाकट सिलिंडरचाही दाब गेजवर कमी दिसतो. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना व्होल्टेज १९च्या खाली जात असेल, तर आधी बॅटऱ्या चार्ज कराव्यात, टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी घासून घ्यावी, आणि मगच पुढे जावे.

कोणता सिलिंडर पडला आहे

आता इंजिन आयडलवर चालू ठेवून एकेका सिलिंडरचे डिझेल थांबवायचे आहे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत हातमोजे असावेत, जवळपास विडी-सिगारेट किंवा वेल्डिंग नसावे, आणि गरम मॅनिफोल्डवर डिझेल उडू नये म्हणून नटाभोवती जाड कापड धरावे. नोझलच्या डोक्यावर बसणाऱ्या पाइपचा नट साधारण १७ किंवा १९ नंबरच्या पान्याने अर्धा फेरा सैल करावा; नट पूर्ण काढू नये. गळणाऱ्या जागेवर बोट कधीही ठेवू नये. दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण आतील मांस सडू शकते, आणि असे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयात जावे लागते.

नट सैल करताच चांगला सिलिंडर बंद पडतो, इंजिनाचा आवाज एकदम जड होतो, फेऱ्या खाली येतात आणि केबिनही थरथरते. नट पुन्हा आवळला की इंजिन पूर्ववत होते. एक ते सहा असे क्रमाने करत गेल्यावर ज्या ठिकाणी नट सैल करूनही आवाजात काहीच बदल होत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. बदल होतो पण इतरांपेक्षा थोडा होतो, तो सिलिंडर अर्धवट काम करतो. सहाही सिलिंडरांची नोंद वहीत करावी. केवळ ‘तिसरा खराब’ एवढे लिहून भागत नाही, कारण शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमकुवत असतील तर त्यातून पुढे मोठा धागा मिळतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असेल, तर रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांचे तापमान मोजावे. न पेटणाऱ्या सिलिंडरचे तोंड बाकीच्यांच्या मानाने स्पष्टपणे थंड राहते. हे उपकरण आता महाग राहिलेले नाही, आणि नट सैल करून काढलेल्या निष्कर्षाला त्याने चांगला दुजोरा मिळतो.

नोझलची अदलाबदल

पडलेला सिलिंडर सापडला, म्हणजे अर्धे काम झाले. समजा तो तिसरा आहे. तिसऱ्याचे नोझल काढून पहिल्याला बसवावे आणि पहिल्याचे तिसऱ्याला. प्रत्येक वेळी नवा कॉपर वॉशर वापरावा, जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना हे टॉर्च टाकून पाहावे, आणि नोझलचा क्लॅम्प किंवा नट ठरलेल्या टॉर्कनेच आवळावा. आता मिसिंग पहिल्या सिलिंडरवर गेले, तर दोष नोझलमध्ये आहे. ते पंप-नोझलच्या दुकानात देऊन उघडण्याचा दाब आणि फवारा तपासून घ्यावा. जुन्या यांत्रिक नोझलचा हा दाब सामान्यतः २०० ते २५० बारच्या दरम्यान असतो, पण नेमका आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो. मिसिंग तिसऱ्यावरच राहिले, तर नोझल निर्दोष आहे, आणि संशय पंपाच्या त्या एलिमेंटवर (त्या सिलिंडरला डिझेल दाबून पाठवणाऱ्या भागावर), डिलिव्हरी व्हॉल्व्हवर किंवा कॉम्प्रेशनवर येतो.

नोझल काढताना त्याच्या भोवतालची जागा नीट पाहावी. तेथे ओलसर, डांबरासारखी काळी काजळी साचलेली असेल आणि इंजिन चालू असताना त्या ठिकाणाहून ‘फुस्स फुस्स’ असा आवाज येत असेल, तर कॉम्प्रेशन नोझलच्या बाजूनेच बाहेर पडत आहे. अशा वेळी बैठकीची जागा साफ करून नवा वॉशर टाकला, की काही गाड्या तेवढ्यावरच नीट होतात.

टॅपेट तपासल्याशिवाय गेज लावू नये

टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, फार कमी असेल, तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते, आणि काही दिवसांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. गरम झाल्यावर वाढणाऱ्या मिसिंगमागे हे कारण वारंवार सापडते. गॅप किती ठेवायचा ते त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावे. उदाहरणार्थ, कमिन्स ६बीटीला थंड इंजिनात इनलेटसाठी सुमारे ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टसाठी सुमारे ०.५० मिलिमीटर गॅप असतो. हेच आकडे दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला लावणे चुकीचे ठरेल.

टाटा ६९७ आणि ६बीटी या दोन्हींचा पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. त्यामुळे १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४ या जोड्या एकाच वेळी वर येतात. इंजिन हाताने फिरवत सहाव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे पाहावे: एक्झॉस्ट मिटत आला आणि इनलेट नुकता उघडू लागला, की त्या क्षणी पहिला सिलिंडर दाबाच्या माथ्यावर असतो आणि त्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात. तेव्हा पहिल्याचे गॅप लावावेत. याच रीतीने दुसऱ्याकडे पाहून पाचव्याचे, चौथ्याकडे पाहून तिसऱ्याचे, आणि मग जोड्या उलट करून उरलेले. रॉकर कव्हर उघडेच आहे, तर इंजिन फिरवताना प्रत्येक व्हॉल्व्ह सारखाच खाली जातो का, हेही पाहून घ्यावे. एखादा कमी उघडत असेल, तर वाकलेला पुशरॉड किंवा झिजलेला कॅम हे कारण असू शकते, आणि तो दोष रिंग बदलून कधीच जाणार नाही.

कॉम्प्रेशन गेज लावणे

पेट्रोल गाडीचा गेज येथे चालत नाही. तो वीस बारच्या आसपास संपतो आणि डिझेलच्या दाबाने निकामी होतो. किमान ४० बार, शक्यतो ७० बारपर्यंत मोजणारा डिझेलचा गेज आणि त्या इंजिनाच्या नोझलच्या जागी नेमका बसणारा अॅडॉप्टर घ्यावा. इंजिन आधी चालवून पाण्याचे तापमान ७० अंशांच्या आसपास आणावे. पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून बांधून ठेवावा, म्हणजे सेल्फ मारताना सिलिंडरमध्ये डिझेल जाणार नाही. त्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळे सांगितले नसेल, तर सगळी नोझल काढून मोजावे, म्हणजे इंजिन एकसारख्या वेगाने फिरते. नोझलच्या उघड्या छिद्रांसमोर कोणीही वाकून उभे राहू नये.

प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब मिळेपर्यंत सेल्फ मारावा. पहिल्या दाबाला काटा कुठवर गेला आणि शेवटी कुठे थांबला, हे दोन्ही आकडे लिहावेत. सुदृढ सिलिंडरमध्ये काटा पहिल्याच दाबाला बराच वर जातो; काटा थोडा थोडा चढत शेवटी ठीक आकड्यावर पोचत असेल, तर रिंग हवा पुरती धरत नाहीत असे समजावे. जुन्या थेट-इंजेक्शन इंजिनांत २२ ते ३० बार, म्हणजे साधारण ३२० ते ४३५ पीएसआय, हा निरोगी पट्टा मानता येतो. १८ बारच्या खाली गेलेला सिलिंडर थंडीत नक्की त्रास देतो. तरीही शेवटचा शब्द इंजिनाच्या पुस्तकाचाच, आणि सुट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा. सहाही सिलिंडर २१ बारवर असलेले इंजिन थकलेले असले तरी सरळ चालते. पाच सिलिंडर २६वर आणि एक १७वर असलेले इंजिन मिस होते. सहाही सिलिंडर एकाच वेळी फार कमी दाखवत असतील, तर रिंगांना दोष देण्याआधी सेल्फचा वेग, तुंबलेला एअर फिल्टर आणि व्हॉल्व्ह टायमिंग पुन्हा तपासावे.

सिलिंडरमध्ये ऑइल टाकून पुन्हा दाब मोजण्याची रीत पेट्रोल इंजिनांकडून आलेली आहे, आणि डिझेलमध्ये तिच्यावर फार विसंबू नये असे मी आग्रहाने सांगेन. ६९७च्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ९४६ मिलिलिटर आहे. पिस्टन माथ्यावर असताना उरणारी जागा जेमतेम ५९ मिलिलिटर. त्यात केवळ ५ मिलिलिटर ऑइल टाकले, तरी दाबाचे प्रमाण सतरावरून साडेअठरावर जाते आणि रिंग कशाही असल्या तरी आकडा दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. शिवाय या पिस्टनच्या डोक्यावर खोलगट वाटी असते, त्यामुळे ऑइल रिंगांपर्यंत न जाता त्या वाटीतच साचते. आणि ऑइल जास्त पडले, तर न दबणाऱ्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका आहे. त्यापेक्षा पुढची रीत कितीतरी भरवशाची.

हवा भरून गळती ऐकणे

टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या कामाला पुरतो. संशयित सिलिंडर दाबाच्या माथ्यावर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्थितीत आणावा आणि नोझलच्या जागी अॅडॉप्टर लावून हवा सोडावी. हवा सोडण्याआधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि फॅन व पुलीपासून सर्वांचे हात दूर असल्याची खात्री करावी. ६ बारची हवा ९७ मिलिमीटर बोअरच्या पिस्टनला सुमारे ४५० किलोच्या जोराने खाली ढकलते. पिस्टन माथ्यापासून किंचितही सरकलेला असेल, तर क्रँक झटक्यात फिरतो. म्हणून हवा आधी थोडी आणि मग वाढवत सोडावी.

यानंतर आजूबाजूची कामे थांबवून शांतपणे ऐकावे. इनलेट पाइपच्या तोंडातून हवेचा सूं असा आवाज आला, तर इनलेट व्हॉल्व्ह बसत नाही. सायलेन्सरमधून आला, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला आहे किंवा सीट खराब आहे. ऑइल भरण्याच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराची हवा आली, तर रिंग, पिस्टन किंवा लायनर. चांगल्या सिलिंडरमध्येही थोडी हवा येथून येतेच, म्हणून शेजारच्या निरोगी सिलिंडरला हवा भरून दोन आवाजांची तुलना करावी. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले, तर हेड पॅकिंग फुटले आहे, हेडला तडा गेला आहे किंवा लायनरला छिद्र पडले आहे. शेजारच्या सिलिंडरच्या नोझलच्या छिद्रातून हवा आली, तर दोन सिलिंडरांमधली पॅकिंगची पट्टी जळली आहे. गेजवर शेजारचे दोघे, समजा तिसरा आणि चौथा, सारखेच १७-१७ दाखवत असतील, तर हे कारण आधीच मनात यायला हवे.

आपल्याकडे हेड पॅकिंगचे दोष बिजासन घाट किंवा चाळीसगावजवळचा कन्नड घाट भरल्या गाडीने चढल्यानंतर उघडे पडतात. मूळ कारण मात्र बहुधा रेडिएटरमध्ये असते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर सरकीचे तंतू आणि धूळ यांचा थर बसतो, वारा आत जात नाही, आणि इंजिन चढावर तापते. असे रेडिएटर साफ न करता केवळ पॅकिंग बदलले, तर तीच गाडी त्याच तक्रारीने परत येते.

ब्रीदरमधून भकाभका धूर येत असेल आणि रिंग-लायनरची झीज पक्की झाली असेल, तर ती झीज कशाने झाली हेही शोधणे आवश्यक आहे. एअर फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असलेला रबरी होज काढून त्याच्या आतून पांढरे कापड फिरवावे. कापडावर बारीक, खरखरीत, मातकट धूळ आली, तर फिल्टरला बगल देऊन माती थेट सिलिंडरमध्ये जात आहे. तापीकाठच्या वाळूच्या रस्त्यांवर आणि शेतवाटांवर चालणाऱ्या गाड्यांत होजची एक चीर किंवा सैल क्लॅम्प काही महिन्यांत रिंगा खाऊन टाकतो. तो होज तसाच ठेवून नवे किट टाकणे म्हणजे मालकाचे पैसे मातीत घालणे आहे.

गळती नाही, तरी दाब कमी

नवशिक्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा प्रकार हा आहे: गेजवर सिलिंडर कमी दाखवतो, पण हवा भरली तर कोठूनच निसटत नाही. अशा वेळी हवा निसटत नसून ती मुळात पुरेशी दाबलीच जात नाही, किंवा पुरेशी आतच येत नाही. इनलेट व्हॉल्व्ह कमी उघडत असल्यास आत हवा कमी येते. टॅपेट लावताना केलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. दुसरे कारण वाकलेला कनेक्टिंग रॉड. पावसाळ्यात पांझरेच्या किंवा गिरणेच्या एखाद्या फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इनलेटमधून पाणी आत गेले, तर रॉड किंचित वाकतो, पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही, आणि रिंग-व्हॉल्व्ह उत्तम असूनही दाब कमी मिळतो. नोझलच्या छिद्रातून सरळ पातळ तार सोडून, इंजिन हाताने सावकाश फिरवत, सहाही पिस्टन माथ्यावर किती उंच येतात याची तुलना केली, तर फरक कळू शकतो. तार आत अडकू नये किंवा तुटू नये एवढी काळजी मात्र घ्यावी. फरक दिसला तर हेड आणि चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडावे लागतील, आणि तो रॉड सरळ करून परत वापरू नये.

हेड उघडल्यावर आणि बंद केल्यावर

वरील नोंदी हातात असल्या, की हेड खोलताना काय शोधायचे ते ठाऊक असते. पॅकिंग उचलताच ते फेकून न देता उजेडात पाहावे. दोन सिलिंडरांमध्ये काळा पट्टा ओढल्यासारखा दिसला, तर आग तेथून गेली आहे. हेड सरळ आहे की नाही ते स्ट्रेट एज आणि फीलर गेजने तपासावे, तड्याचा संशय असल्यास पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घ्यावी, आणि लायनरच्या वरच्या टोकाला बोटाच्या नखाने कड जाणवते का ते पाहून नंतर बोअर गेजने मोजावे. मापे मर्यादेत असतील, तर केवळ व्हॉल्व्हचे काम करून इंजिन बंद करण्यात काहीही गैर नाही, आणि मालकाला ती मापे दाखवून तसे सांगावे.

इंजिन पुन्हा उभे राहिल्यावर टॅपेट पुन्हा लावावेत, पुस्तकात सांगितले असल्यास हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करावेत, आणि सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून तारीख, किलोमीटर आणि त्या दिवशीचे हवामान यांसह वहीत लिहावे. नव्या रिंगा टाकल्या असतील, तर इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवू नये, कारण बिनलोड चालण्याने लायनरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. पहिले काही दिवस मध्यम लोड देऊन, फेऱ्या सतत बदलत्या ठेवून, सपाट रस्त्यावर गाडी चालवावी, पाण्याचा आणि ऑइलचा काटा पाहत राहावे, आणि पहिले ऑइल व फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या बरेच आधी बदलून घ्यावेत.